पांडुरंगा, संकल्प आधी दे

पांडुरंगा, आज तुझ्याकडे पाऊस मागत नाही, की मालाला भाव मागत नाही. मांजरीच्या उपबाजारात मेथीची जुडी काय भावाने गेली, ते गाऱ्हाणं उद्या घालीन. आज एका माणसाबद्दल बोलायचं आहे. ते आता तुझ्यापाशीच आहेत. ग्रुप कॅप्टन दिलीप कमलाकर परुळकर. १० ऑगस्ट २०२५ रोजी इथे पुण्यात त्यांनी देह ठेवला. तुझ्या दारी आलेल्या माणसाची ओळख मी काय करून देणार? पण त्यांच्यासाठी तुझे आभार मानायचे राहून गेले आहेत, आणि त्यांच्याकडे बघूनच तुझ्याकडे एक मागणं मागायचं आहे.

ते माझ्या नात्यातले नव्हते. माझं त्यांच्याशी कधी बोलणंही झालं नाही. पण आमच्या मांजरी बुद्रुकच्या डोक्यावरून लढाऊ विमानं जातात, विठ्ठला. नदीपलीकडे मांजरी खुर्द, त्याच्या पुढे वाघोली, आणि त्या अंगालाच लोहगावचा हवाई तळ. सुखोई वर आलं की खिडकीची तावदानं थरथरतात. आम्ही बोलता बोलता थांबतो, आवाज ओसरला की राहिलेलं वाक्य पुरं करतो. रेल्वेच्या गाडीसारखीच त्याचीही सवय होऊन गेली आहे. वर बघत फार कोणी नाही. घरात एकटी माझी भाची बघते. बारावीला आहे, एनडीएच्या परीक्षेची तयारी करते आहे. मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, सतरा जणी होत्या, तेव्हापासून तिने भिंतीवर वेळापत्रक लावलं आहे. आवाज आला की ती पुस्तक पालथं घालून गच्चीवर धावते. तिच्यासाठी तुझ्यासमोर उभी राहिले की काय मागावं ते मला कळत नव्हतं. ती पास होऊ दे म्हणू? की नापास होऊ दे, म्हणजे घरी राहील? दोन्ही वाक्यं मनात येऊन गेली. तुझ्यापासून काय लपवायचं?

युद्धाची गोष्ट तुझ्यापुढे कशी मांडावी, याचाही संकोच वाटतो. तुझ्या हातात शस्त्र नाही. कमरेवर हात ठेवून तू विटेवर उभा, आणि मी तुला बॉम्ब टाकणाऱ्या विमानाबद्दल सांगते आहे. त्या विमानाखाली माणसंच होती, तीही तुझीच. म्हणून मी विजयाचं बोलत नाही. किती रणगाडे मोडले, किती पूल पाडले, तो हिशेब ज्यांनी ठेवायचा त्यांनी ठेवला आहे. हाती काही उरलेलं नसताना माणूस कसा वागतो, ते तुझ्यापुढे ठेवते आहे.

१९६५ च्या लढाईत परुळकर तरुण अधिकारी होते, १९६३ साली हवाई दलात दाखल झालेले. विमानाला शत्रूचा मारा लागला आणि त्यांच्या उजव्या खांद्याला जखम झाली. सोबत उडणाऱ्या तुकडीप्रमुखाने सांगितलं, विमान सोड, उडी टाक. त्यांनी ते जखमी विमान तसंच तळावर परत आणलं. त्याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळालं. उजवा हात म्हणजे वैमानिकाचा दांड्यावरचा हात, देवा. त्या खांद्यातून कळा येत असताना दांडा धरून ठेवायचा, काटे बघायचे, उंची राखायची, आणि हे सगळं करताना मन ताळ्यावर ठेवायचं. ते मन तू दिलं होतंस.

पण मला त्याहून मोठी वाटते ती त्यानंतरची एक साधी गोष्ट. पुढे शांततेच्या काळात, दुसरं युद्ध अजून दूर असताना, त्यांनी आपल्या कमांडिंग ऑफिसरला सांगून ठेवलं होतं की मी कधी शत्रूच्या हाती लागलो, तर निसटल्याशिवाय राहणार नाही. तेव्हा कसली कैद नव्हती, कसली भिंत नव्हती. तुझ्या पूजेला बसताना गुरुजी आधी उजव्या हातावर पाणी घ्यायला लावतात. स्थळ, काळ, नाव, गोत्र सांगून पळीभर पाणी ताम्हणात सोडायचं, आणि मगच फुलाला हात लावायचा. परुळकरांनी तसा संकल्प आधी सोडला होता. प्रसंग आल्यावर काय करायचं ते त्यांनी प्रसंग येण्याआधी ठरवलं होतं.

आणि प्रसंग आला. १० डिसेंबर १९७१. सुखोई-७ हे एकट्याने उडवायचं विमान. शेजारी कोणी नाही, मागे कोणी नाही. जमिनीवरून झालेल्या माऱ्यात ते पडलं, परुळकर हवाई छत्रीने शत्रूच्या मुलखात उतरले आणि पकडले गेले. काही दिवसांतच युद्ध संपलं. ढाक्यात शरणागती झाली, ९३ हजार युद्धकैदी भारताच्या ताब्यात आले, इकडे गावोगाव पेढे वाटले गेले. आणि रावळपिंडीच्या कैदी छावणीत आपले बाराएक वैमानिक एकेकट्या कोठडीत बसले होते. कुणाच्या मणक्याला मार, कुणाचा पाय प्लास्टरमध्ये. त्यांच्यात विंग कमांडर कोएल्हो वडीलधारे होते, स्क्वाड्रन लीडर जफा होते, आपले कामत होते, चाटी होते. जिंकलेल्या देशाचे हे कैदी. विजयाच्या मिरवणुकीत त्यांना जागा नव्हती, देवा, तेव्हा त्यांच्या कोठडीत तू होतास असं मी मानते. दुसरं कोण असणार?

महिने गेले. जुलै १९७२ मध्ये सिमला करार झाला, पण कैद्यांची सुटका बांगलादेशाच्या प्रश्नात अडकून पडली. आज ना उद्या सोडतीलच, असं म्हणणारे छावणीत होते, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पळायचं कशाला? पळताना पाठीत गोळी बसली तर? मागे राहिलेल्यांचे हाल केले तर? मला स्वतःला विचारलंस तर मीही तेच म्हटलं असतं. परुळकरांच्या हातात तेव्हा ना विमान होतं, ना हुकूम देण्याइतका अधिकार. फ्लाइट लेफ्टनंट ते, त्यांच्यावर ज्येष्ठ बसलेले. जे काही पुढारपण करायचं ते पटवून देऊनच करायचं होतं. त्यांनी मलविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोघांना पटवलं. ज्येष्ठांची संमती मिळवली. ही संमती देणंही सोपं नव्हतं, पांडुरंगा. पळणाऱ्यांच्या मागे शिक्षा भोगायला जे उरणार होते, त्यांच्याकडूनच ती हवी होती.

मग त्या तिघांनी भिंत कोरायला घेतली. मी हे चित्र पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आणते. आवाजापेक्षा वेगाने जाणारं यंत्र चालवलेला हात आता विटेच्या सांध्यातलं चिमूटभर बांधकाम खरवडतो आहे. हत्यारं म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, कात्री असलं किडूकमिडूक. खरवडायचं रात्री, तेही पहारेकऱ्याची पावलं ऐकत. पडलेला चुरा खोलीतच दडवायचा. सकाळी काही झालंच नाही अशा चेहऱ्याने चहा घ्यायचा. युद्धकैद्यांना मिळणाऱ्या भत्त्यातले रुपये त्यांनी साठवले, शिवणाच्या सुईत चुंबकत्व आणून होकायंत्र बनवलं, नकाशा मिळवला, पठाणी सलवार-कमीज मिळवली. भारताची हद्द पूर्वेला होती, पण तिकडे सैन्य आणि सुरुंग पेरलेली जमीन. म्हणून उलट दिशा धरायची ठरली. पश्चिमेला पेशावर, खैबर खिंड, आणि पलीकडे अफगाणिस्तान. घरी जाण्यासाठी घराकडे पाठ करून चालायचं होतं.

१२ आणि १३ ऑगस्टच्या मधली रात्र. वादळी पाऊस तू पाठवलास की तो आपसूक आला, हे मी ठरवणार नाही. भिंतीतल्या भोकातून तिघे बाहेर पडले. रस्त्यावर रात्रीचा सिनेमा नुकताच सुटला होता, त्या गर्दीत मिसळून गेले आणि पेशावरची बस धरली.

या क्षणी मला मागे राहिलेल्यांची आठवण ठेवायची आहे, कारण गोष्ट सांगणारे पळणाऱ्यांबरोबर पुढे निघून जातात. मागे राहिले ते गप्प राहिले. सकाळी काय होणार हे ठाऊक असून ते झोपले, किंवा झोपल्यासारखे पडून राहिले. मित्रांना एकेक तास जास्त मिळावा म्हणून. अशा गप्प राहण्याबद्दल पदक मिळत नाही. देवा, तिघांच्या धाडसाइतकंच या गप्प बसण्याचं माप तुझ्या तराजूत असू दे.

पेशावरहून जमरूदच्या बाजूला, तिथून बसने लंडीकोतल. सकाळ झाली होती. अफगाणिस्तानची हद्द तिथून अवघ्या काही मैलांवर. नावं बदललेली. परुळकर आता फिलिप पीटर होते, लाहोरहून सुटीवर आलेले पाकिस्तानी हवाई दलातले साधे कर्मचारी. संकल्पात जे नाव आणि गोत्र मोठ्याने उच्चारायचं, तेच त्यांना संकल्प पुरा करण्यासाठी उतरवून ठेवावं लागलं. आणि मग एक प्रश्न आडवा आला. नकाशात लंडीखाना नावाचं रेल्वे स्टेशन होतं, त्याच्या अंदाजाने त्यांनी वाट विचारली. ते स्टेशन १९३२ सालीच बंद झालं होतं. तिथल्या माणसाला ठाऊक असलेली गोष्ट यांना ठाऊक नाही, एवढ्यावरून संशय आला. त्या दिवसांत पाकिस्तानात अडकलेले बंगाली त्याच वाटेने अफगाणिस्तानात निसटत होते, हेही त्यातलेच असावेत असं वाटून तहसीलदाराच्या कारकुनाने त्यांना अडवलं.

किती जवळ, पांडुरंगा! सगळी भिंत कोरून झाली, बस मिळाली, खिंड आली, आणि चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या एका स्टेशनाने घात केला. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा तुझ्यावर रागावले होते. एवढं केलंस, तर उरलेले चार मैल का दिले नाहीस? अजूनही त्याचं उत्तर मला मिळालेलं नाही, आणि देवळात उभी राहून मिळाल्याचं सोंग करणार नाही.

पण पुढचं मी पाहते. आदिवासी टोळ्यांचा मुलूख, खोट्या नावाचे तीन परके, सोबत होकायंत्र आणि नकाशा. हेर म्हणून जागच्या जागी संपवले असते तर कुणाला कळलंही नसतं. त्या घटकेला परुळकरांनी आग्रह धरला की पाकिस्तानी हवाई दलाच्या प्रमुखांचे एडीसी, स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद, यांना फोन लावा. हे उस्मान हमीद आधी रावळपिंडीच्या छावणीचे प्रमुख होते. कैद्यांशी माणसासारखं वागलेले. पहिल्या नाताळला त्यांनी केक आणून सगळ्या कैद्यांना एकत्र बसू दिलं होतं. फोन लागला. हमीद यांनी सांगितलं, हे आमचे आहेत, यांना नीट ठेवा. तीन जीव वाचले.

सगळा बेत मोडला, आता पुढे मार किंवा मरण, अशा घटकेला डोकं चालवून योग्य माणसाचं नाव घ्यायचं, आणि स्वतःबरोबर दोघांना वाचवायचं, याला मी पुढारपण म्हणते. जिंकताना पुढे चालणारे पुष्कळ असतात. आणि शत्रूतल्या एका माणसाचा चांगुलपणा त्यांनी लक्षात ठेवला होता, वेळ आली तेव्हा त्यावर विश्वास टाकला. देवा, उस्मान हमीद यांना आम्ही कुठल्या नावाने पुकारू? त्यांच्या देवाला ते ज्या नावाने हाक मारत असतील, त्या नावाने तूच ओ देत असशील, तर त्या घराण्याचं भलं कर. आमच्या तीन मुलांना त्यांनी मरू दिलं नाही.

मग एकांत कोठडी आली. सगळ्यांनाच लायलपूरच्या तुरुंगात हलवलं गेलं. आणि १ डिसेंबर १९७२ रोजी वाघा सीमेवरून ते सगळे आपल्या पायांनी भारतात आले. निसटून जायचं ठरवलं होतं, सुटून आले. कुणी म्हणेल, मग पळण्याचा उपयोग काय झाला? साडेतीन महिने थांबले असते तर भिंत कोरावी लागली नसती. हा प्रश्न विचारणाऱ्याला मी दोष देत नाही. पण परुळकर कैदी म्हणून जगलेच नाहीत. भिंतीला हात लावला त्या रात्री ते पुन्हा कामावर रुजू झाले होते. देशाने त्या पलायनाच्या नेतृत्वाबद्दल त्यांना विशिष्ट सेवा पदक दिलं, न पोहोचलेल्या माणसाला. आपल्या सरकारचे जे निर्णय मला मनापासून पटतात त्यात हा एक आहे.

पुढे त्यांनी नव्या वैमानिकांना उडायला शिकवलं, एनडीएत बटालियन कमांडर म्हणून पोरं घडवली. पुढल्या पिढीला काय काय सांगितलं असेल, ते त्या पोरांना ठाऊक.

आता अवघड गोष्ट, विठ्ठला. वाघा सीमेच्या त्या फाटकातून सगळेच आले नाहीत. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे आपले मराठी वैमानिक ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोटवरच्या हल्ल्याला गेले, तेही सुखोई-७ मधूनच, आणि परतले नाहीत. पाकिस्तानातल्या एका वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची जी नावं छापून आली, त्यात त्यांच्याशी जुळणारं नाव होतं. त्यांची पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनची राष्ट्रीय विजेती. लग्नाला दोन वर्षंही झालेली नव्हती. तिने सारं आयुष्य या शोधात घातलं. चोपन्न बेपत्ता जवानांच्या यादीतल्या काहींच्या नातेवाइकांनी २००७ साली पाकिस्तानात जाऊन तुरुंग पाहिले, कुणाचं माणूस सापडलं नाही. परुळकरांना एका फोनने वाचवलं, तांबे यांच्यासाठी तसा फोन कुणाला लावता आला नाही. मी दोघांची तुलना करून तुला कोंडीत पकडत नाही. एवढंच मागते, की ज्यांचा शेवट आम्हाला कळला नाही तो तुला ठाऊक आहे, तेव्हा त्या शेवटच्या घटकेला तू तिथे उभा होतास असं होऊ दे. आणि ज्या बायकांनी पन्नास वर्षं दाराकडे डोळे लावले, त्यांचं ते थांबणं सेवा म्हणून तुझ्या वहीत लिहून घे. त्यांना पदक द्यायला कोणी आलं नाही.

दरवर्षी तुकोबांची पालखी हडपसरवरून आमच्या वेशीजवळून सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला जाते. तेव्हा आम्ही पाणी घेऊन उभे राहतो, वारकऱ्यांचे पाय धरतो. चालणारा पोहोचणारच याची खात्री तिथे असते, कारण शेवटी तू असतोस. परुळकर, ग्रेवाल आणि सिंहजी चालले त्या वाटेच्या शेवटी कोण असेल याची खात्री त्यांना नव्हती. तरी ते चालले.

म्हणून आता भाचीसाठी काय मागायचं ते मला कळलं आहे. ती परीक्षेत पास होईल की नाही, डोळ्यांची तपासणी, मुलाखत, सगळं पार पडेल की नाही, ते तिच्या अभ्यासावर आणि तुझ्यावर सोडते. तिला विमान मिळो न मिळो, संकल्प आधी दे. वेळ यायच्या आधी मन ठरलेलं असू दे. खांदा दुखावला तर हात दांड्यावर राहू दे. हातातलं सगळं काढून घेतलं गेलं, तर शिवणाची सुई तिच्या नजरेस पडू दे. हुकूम देता येत नसेल तिथे पटवून देण्याची वाणी दे, आणि बरोबरीच्या माणसांना संकटात टाकण्याआधी त्यांची संमती विचारण्याची सभ्यता दे. तिला कोएल्होंसारखे वडीलधारे भेटू देत, स्वतः मागे राहून पुढच्याला जा म्हणणारे. शत्रू भेटलाच, तर त्यातला उस्मान हमीद तिला ओळखता येऊ दे, आणि तिच्या हाती कधी शत्रूचा कैदी आला, तर तिलाच त्याची उस्मान हमीद होऊ दे.

आणि ती पोहोचली नाही, चार मैल आधी अडली, तर घरात कुणी तिला हरलीस म्हणणार नाही, याची जबाबदारी मी घेते. तेवढं बळ मला दे. तिच्या आईलाही दे. ती रात्री विमान गेलं की पांघरूण डोक्यावरून ओढून घेते, मला दिसतं.

लोहगावहून आज उडणाऱ्या सगळ्यांना सुखरूप उतरव. त्यांची नावं आम्हाला ठाऊक नाहीत. आम्ही फक्त आवाज ऐकतो. आणि शक्य असेल तर, पांडुरंगा, त्यांना कधी त्या कामासाठी उडायची वेळच येऊ देऊ नकोस.